गवा, दुसरी बांधणी: 15 किलोच्या लढाऊ रोबोच्या कामाच्या नोंदी

8 जून 2025, रविवार

फेब्रुवारीपासून पोत्यात बांधून ठेवलेला गवा आज सोडला. माझ्या कंपनीत मार्चअखेर, आप्पांच्या, म्हणजे वडिलांच्या, लेथवर पंपाच्या शाफ्टची ऑर्डर, मग घरातली लग्नं. चार महिने असेच गेले. कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या गाळ्यात खालीच जुने पेपर अंथरले आणि एकेक भाग सुटा करून मांडला. धाकट्या भावानं प्रत्येकाचा फोटो काढला.

ड्रमचा, म्हणजे पुढच्या फिरत्या हत्याराचा, शाफ्ट वाकलाय. 20 मिमीचा, ईएन-8 पोलादाचा. लेथवर दोन सेंटरमध्ये धरून डायल (वाकडेपणा दाखवणारं काट्याचं माप) लावला तर मध्यावर काटा 1.4 मिमी फिरतो. की-वेच्या (चावी बसायच्या खाचेच्या) कोपऱ्यातून केसासारखी भेग निघालीय. डाव्या बाजूच्या 6 मिमी अॅल्युमिनियमच्या पाटीतले चार बोल्ट आट्यांसकट उपटून आलेत, बोल्टच्या अंगावर अॅल्युमिनियमची गुंडाळी अजून तशीच आहे. टायमिंग बेल्टचे सात दात सोलले गेलेत. ड्रमच्या दोन दातांपैकी एक निम्म्यातून तुटलाय, आणि तुटलेली जागा साखरेसारखी दाणेदार, चकचकीत दिसते.

फेब्रुवारीतल्या पुण्याच्या स्पर्धेत दुसऱ्या फेरीला आमच्यासमोर नुसती पाचर होती. उतरतं पोलादी तोंड, चार चाकं, फिरणारं हत्यार नाहीच. व्हिडिओ आज परत हळू करून बघितला. तिनं आम्हाला एकदाही मारलेलं नाही. आमचा ड्रम तिच्या तोंडावर तीनदा आदळला, तिसऱ्या दणक्याला बेल्ट गेला, ड्रम थांबला आणि तिनं आम्हाला भिंतीला नेऊन दाबलं. म्हणजे वरची सगळी मोडतोड गव्यानं स्वतःची स्वतः केलीय.

आप्पा शाफ्ट हातात फिरवत म्हणाले, "पोरी, ह्यो समोरच्याला मारतोय तेवढंच स्वतःला मारून घ्यालाय. तू मारायचं बघितलंस, सोसायचं बघितलंच न्हाईस."

जेवढा दणका पुढं जातो तेवढाच मागं येतो, हे डिप्लोमाच्या पहिल्या वर्षापासून लिहीत आले. पण मागं आलेला दणका दातातून ड्रममध्ये, ड्रममधून शाफ्टमध्ये, तिथून बेअरिंग, पाटी आणि बोल्ट असा जातो आणि वाटेत जे कमजोर असेल ते मोडून टाकतो, ही वाट मी कागदावर कधी काढलीच नव्हती. आज काढली. दुसरी बांधणी त्या वाटेची.

11 जून

रात्री आकडेमोड केली.

पहिला ड्रम: बाहेरचा व्यास 100 मिमी, आतला 60, लांबी 160. वजन 6.3 किलो. पूर्ण रोबोला मुभा 15 किलोची, त्यातलं 42 टक्के एकट्या ड्रमनं खाल्लं. मग पाट्या 6 मिमीच्या आणि शाफ्ट 20 चा झाला ह्यात नवल नाही, पुढं वजन उरलंच नव्हतं. मिनिटाला 6,000 फेऱ्यांना त्यात साधारण 2,100 ज्यूल ऊर्जा साठत होती. साखरेचं 50 किलोचं पोतं सव्वाचार मीटरवरून खाली टाकावं, तेवढी.

आता फिरणाऱ्या वस्तूची ऊर्जा वजन मध्यापासून किती लांब आहे त्याच्या वर्गानं वाढते आणि फेऱ्यांच्याही वर्गानं वाढते. म्हणजे आतल्या बाजूचं पोलाद नुसतं ओझं. नवा ड्रम: बाहेर 110, आत 90, लांबी 130. नळी भरते 3.2 किलो. 7,000 फेऱ्यांना ऊर्जा येते 2,170 ज्यूल. वजन जवळजवळ निम्मं आणि दणका तोच!

तीनदा तपासलं. बरोबर आहे. झाकणं, दात, बेअरिंग धरून ड्रम 4.2 किलोपर्यंत जाईल, म्हणजे दोन किलोच्या वर वजन मोकळं होतंय. ते सगळं शाफ्टला आणि पाट्यांना द्यायचं, हत्यारात एक ग्रॅमही परत घालायचा नाही, असं धाकट्याकडून कबूल करून घेतलं. त्याचा जीव ड्रममध्ये आहे.

15 जून

मामा आले होते. तरुणपणी गंगावेस तालमीत होते, खासबागेत लढलेत. त्यांना व्हिडिओ दाखवला. रोबो, मोटर ह्यातलं त्यांना काही घेणं नाही, त्यांनी फक्त अंग बघितलं. म्हणाले, "तुझा गडी उभा राहून मारतोय. पट काढायचा तर आधी खाली घुसाय पायजे. समोरच्याचा पाय जमिनीवरनं सुटला की मग त्याचं वजन त्याच्या कामाचं ऱ्हात न्हाई."

पाचरीनं आमच्यावर नेमकं हेच केलं होतं. तिचं तोंड जमिनीला घासत होतं, आमचा ड्रम जमिनीपासून 14 मिमी वर. आमचे दात तिच्या उतारावरून सरकत राहिले.

म्हणून ड्रमच्या पुढं दोन जिभा लावायच्या. बिजागरीवर सैल, स्वतःच्या वजनानं जमिनीला टेकून राहणाऱ्या. त्यांच्यावर चढलेला रोबो सरळ दाताच्या तोंडी येतो. ट्रकच्या कमानपाट्याचं पोलाद ह्याला चांगलं, वाकलं तरी परत जागेवर येतं.

नाव गवा का, हेही मामांनी विचारलं. दाजीपूरच्या जंगलात लहानपणी लांबून एक बघितला होता. तो डोकं खाली घालतो आणि शिंगानं वर फेकतो. ड्रमचंही तसंच, पुढची बाजू खालून वर फिरते. ब्राझीलच्या संघाचा जो गाजलेला ड्रमवाला रोबो आहे, मिनोटॉर, त्याचंही नाव बैलाच्या तोंडाच्या राक्षसावरून आलंय. लांबच्या माणसांनाही तेच सुचलं ह्याचं मला बरं वाटतं.

22 जून

आजचा निर्णय मोठा: शाफ्ट फिरवायचा नाही.

आधी ड्रम शाफ्टला पक्का होता आणि शाफ्ट पाट्यांतल्या बेअरिंगमध्ये फिरायचा. त्यासाठी की-वे लागला, की-वेला चौकोनी कोपरा आला, त्या कोपऱ्यातून भेग निघाली. भेग नेहमी अशाच टोकदार कोपऱ्यात जन्म घेते, सगळा ताण तिथं गोळा होतो. आता शाफ्ट दोन्ही पाट्यांत घट्ट बसेल, बेअरिंग ड्रमच्या झाकणांत जातील आणि ड्रम शाफ्टभोवती फिरेल. की-वे नाही, पायरी नाही. शिवाय तोच शाफ्ट दोन्ही बाजूंच्या पाट्यांना एकमेकींशी बांधून ठेवतो, घराच्या तुळईसारखा.

शाफ्ट 25 मिमी, ईएन-24. व्यास 20 चा 25 केला तर वजन दीडपटीला जरासं वर, पण वाकण्याविरुद्धची ताकद जवळजवळ दुप्पट, कारण ती व्यासाच्या घनानं वाढते. मोकळं झालेलं वजन खर्च करायला ह्यापेक्षा चांगली जागा नाही. बेअरिंग 6005, म्हणजे 25 आत, 47 बाहेर, 12 रुंद. कुठल्याही दुकानात मिळतं, स्पर्धेच्या गावात रात्री आठला लागलं तरी मिळेल.

पाट्या 12 मिमीच्या. आटे अॅल्युमिनियममध्ये पाडायचे नाहीत. पाटीत आडवं भोक मारून 12 मिमीचा पोलादी दांडा बसवायचा, आटे त्या दांड्यात. बोल्ट ओढला तर पोलादाला ओढेल.

टायमिंग बेल्टच्या जागी व्ही-बेल्ट. दणका बसतो त्या क्षणी ड्रम एकदम मंदावतो आणि मोटर मात्र पळत असते. दातांचा बेल्ट तिथं सोलला जातो. व्ही-बेल्ट घसरतो, आणि त्या घसरण्यानंच मोटर वाचते.

29 जून

पोलाद आणलं. पाऊस वाढायच्या आत शिरोलीची फेरी उरकायची होती. 2019 ला आणि 2021 ला तिथं महामार्गावरच पाणी आलं होतं. ड्रमची नळी, शाफ्टचा बार, दातासाठी ईएन-24 चा तुकडा. कमानपाटा मामांच्या ओळखीतून भंगारात मिळाला.

13 जुलै

आजचा दिवस आप्पांचा. सविस्तर लिहिते, कारण हे मला कुठल्या पुस्तकात मिळालं नव्हतं.

नव्या ड्रमला दात एकच ठेवलाय. कारण असं: समोरचा रोबो जवळ येताना दोन दातांच्या मधल्या वेळात जेवढा आत येईल तेवढाच दात त्याला पकडू शकतो. जुन्या गव्याला दोन दात, सेकंदाला 100 फेऱ्या, म्हणजे दर सेकंदाला 200 वेळा दात समोरून जायचा. व्हिडिओत आम्ही सेकंदाला मीटरभर वेगानंच पुढं जात होतो. हिशेब केला तर दाताच्या वाट्याला 5 मिमी येतात. तेवढ्यात पकड बसत नाही, नुसतं खरवडलं जातं. एक दात, 7,000 फेऱ्या आणि सेकंदाला 2 मीटरचा वेग धरला तर 17 मिमी. दाताची उंची 15 आहे, म्हणजे पूर्ण दात आत.

पण एक दात म्हणजे ड्रम एका बाजूला जड. खाच वजा जाता दाताचं जास्तीचं वजन 110 ग्रॅम, मध्यापासून 55 मिमीवर. समोरच्या बाजूला वजन जोडायचं तर ते बोल्टनं जोडावं लागणार, आणि बोल्टनं जोडलेलं काहीही ह्या ड्रमवर मला नको होतं. दोन आठवडे ह्यावर अडले होते.

आप्पा चहा पिताना म्हणाले, "जोडू नको. बोअरच बाजूला सरकव."

आतलं भोक दाताच्या बाजूला थोडं सरकवायचं. तिकडची भिंत पातळ, समोरची जाड. वजनाचा तोल आपोआप. भोकातून निघणारं पोलाद साडेसहा किलो भरतं. 110 गुणिले 55, भागिले 6,500: 0.93 मिमी. म्हणजे दाताकडची भिंत 9.07 आणि समोरची 10.93.

आधी दोन्ही तोंडांना झाकणं बसायची जागा 94 व्यासाची, अगदी मध्यावर, घेतली. ती मध्यावरच पाहिजे, कारण बेअरिंग झाकणात आहेत. मग जॉब फोर-जॉ चकमध्ये (चारही जबडे वेगवेगळे सरकणाऱ्या पकडीत) सरकवला. दाताची जागा वर मार्करनं खूण केलेली. डायल बाहेरच्या अंगाला लावला. 0.93 सरकवायचं तर एका फेऱ्यात काटा 1.86 फिरला पाहिजे. आप्पा एक जबडा किंचित सैल करायचे, समोरचा तेवढाच आवळायचे, हातानं चक फिरवायचे, बघायचे. 1.6. 1.95. 1.8. बोलत नव्हते. पत्र्यावर पाऊस वाजत होता, पण त्यांचं लक्ष काट्यावरच. 1.86 ला चक हातानं थांबवला, चारही जबडे पुन्हा एकदा क्रमानं आवळले, परत फिरवला. 1.86.

बोअर करायला तीन तास गेले. शेवटचे कट पाव मिमीचे. बाहेर काढून कॅलिपरनं भिंत मोजली: 9.1 आणि 10.9.

30 वर्षं हा माणूस दुसऱ्यांचे शाफ्ट सरळ करतोय. आज माझ्यासाठी एक भोक वाकडं केलं, आणि तेही पाहिजे तेवढंच.

20 जुलै

पाऊस. दोन दिवस लाईट नाही. जिभा हॅकसॉनं कापल्या आणि कानशीनं घासल्या.

2 ऑगस्ट

दात तयार झाला.

जुना दात का तुटला ते आता नीट कळलंय. हीट ट्रीटमेंटला देताना मीच 58 रॉकवेल (कडकपणाचं माप) मागितलं होतं, जितका कडक तितका चांगला ह्या समजुतीनं. तेवढा कडक दात ओरखड्याला उत्तम, दणक्याला काचेसारखा. तुटल्या जागेचे ते चकचकीत दाणे हेच सांगत होते. कोयत्याला पाणी देणारा लोहारसुद्धा पाणी दिल्यावर तो परत थोडा तापवून उतरवतो, नाहीतर पहिल्याच गाठीला धार उडते.

ह्या वेळी 42 ते 45 मागितलं. ईएन-24 साडेआठशे अंशांच्या आसपास तापवून तेलात बुडवायचं आणि मग पुन्हा तापवून उतरवायचं. त्यात 300 अंशांच्या आसपासचा पट्टा टाळायला सांगितला, त्या तापमानाला उतरवलेलं हे पोलाद उलट ठिसूळ पडतं. परत आलेल्या दातावर कानस चालवून बघितली. कडक आहे, पण जेमतेम चावते. असंच पाहिजे होतं.

दाताच्या मुळाशी कोपरा नाही, 3 मिमीची गोलाई ठेवलीय. की-वेचा धडा.

10 ऑगस्ट

आज धाकट्याचा विभाग. बॅटरी सहा सेलची लिथियम पॉलिमर, 22.2 व्होल्ट. ड्रमची मोटर दर व्होल्टला 580 फेऱ्यांची, पुली 50 आणि 90, म्हणजे ड्रमवर 7,150 च्या आसपास. फेब्रुवारीत आमचा एक कनेक्टर दणक्यानं अर्धा बाहेर आला होता. आता प्रत्येक वायरीला वळण देऊन सैल ठेवलंय, कनेक्टर बांधलेत आणि बॅटरीच्या सहाही बाजूंना फोम आहे.

फेलसेफ दहा वेळा तपासला: रिमोट बंद केला की ड्रमची मोटर आणि चाकं दोन्ही गप्प. एकदाही चुकला नाही. हे झाल्याशिवाय ड्रमला बेल्ट चढवायचा नाही, असा घरचा नियम.

चार्जिंग फाउंड्रीतल्या कोअरच्या कोरड्या वाळूच्या डब्यात, आणि कोणीतरी समोर बसलेलं असताना. न वापरता ठेवून द्यायची तर सेलमागं 3.8 व्होल्ट.

27 ऑगस्ट

गणपती बसले. काम बंद.

7 सप्टेंबर

काल विसर्जन झालं, आज पहिल्यांदा ड्रम फिरवला.

पेटीविषयी आधी. शटरिंग प्लाय 18 मिमीचे दोन थर, आतून 5 मिमी लोखंडी पत्रा, बघायला 10 मिमी पॉलिकार्बोनेटची खिडकी, वरून झाकण. ह्या ड्रमच्या दाताचं टोक ताशी 185 किलोमीटरनं फिरतं. सुटला तर तो बंदुकीतून सुटल्यासारखा जाणार. कुणी असं काही बनवत असेल तर पेटी आधी बनवा, रोबो नंतर. किल स्विच (सगळी वीज तोडणारी कळ) काढल्याशिवाय आणि ड्रमला अडकवण लावल्याशिवाय आमच्याकडे झाकण उघडत नाही, घाई असली तरी.

2,000 फेऱ्यांना शांत. 3,500 ला पेटी गुणगुणायला लागली. 5,000 ला टेबलावरचा पाना चालत चालत कडेला आला. थांबवलं.

तोल जवळ आलाय, पण पुरता नाही. बेअरिंगमधलं ग्रीस धुऊन ड्रम शाफ्टवर मोकळा सोडला, प्रत्येक वेळी एकच बाजू खाली येऊन थांबत होती. दाताच्या विरुद्ध बाजूला, कडेपासून थोडं आत, 8 मिमीचं भोक, 4 मिमी खोल. परत सोडला. अजून 2 मिमी. मग तो कुठंही थांबायला लागला.

संध्याकाळी नवं ग्रीस भरून 7,000. पाना जागेवर. आवाज एकसारखा, चढत जाणारा. आप्पा दाराशी उभे होते, काही न बोलता आत निघून गेले आणि लेथ पुसायला घेतला.

14 सप्टेंबर

चालवून बघितला. ड्रम पूर्ण वेगात असताना झटकन वळलं की एक चाक उचललं जातं. सायकलचं फिरतं चाक दोन्ही हातांत धरून वळवा, ते जसं कलतं तसंच हे. जुना गवा सेकंदाला अर्ध्या फेरीपेक्षा जास्त वेगानं वळताच कलायचा आणि आम्ही तो चाकांचा दोष समजत होतो. ह्या वेळी दोन्ही बाजूंच्या चाकांतलं अंतर 300 चं 360 मिमी केलंय. आता सेकंदाला फेरीच्या दोन-तृतीयांशापर्यंत चाकं जमिनीवर राहतात. त्यापुढं धाकट्याला हात शिकवावा लागेल: वळताना ड्रम थोडा उतरव, सरळ झाला की चढव. रोज अर्धा तास सराव लावलाय.

वजन केलं: 14.86 किलो.

1 ऑक्टोबर, खंडेनवमी

लेथ, ड्रिल, ग्राइंडर धुऊन पुसून झेंडूच्या माळा घातल्या. आप्पांनी व्हर्निअर, डायल आणि दोन कानशी पाटावर मांडल्या, त्यांच्या शेजारी ड्रम ठेवला. आई म्हणाली, "ह्यालाबी हळदकुंकू?" आप्पा म्हणाले, "हत्यारच हाय न्हवं." दाताला कुंकू लावलं.

12 ऑक्टोबर, रविवार

दणक्याची परीक्षा. जुन्या गव्याच्या सांगाड्यात बिडाचे तुकडे भरून 15 किलो केले, पुढं 10 मिमीची पोलादी पाटी बोल्ट केली आणि पेटीत ठेवला. धाकटा रिमोटवर, मी किल स्विचच्या दोरीवर.

पहिल्या धडकेला जिभा खाली गेल्या, पाटी वर चढली, आणि दात लागला तो आवाज घणाचा होता. जुना सांगाडा झाकणाला आपटून उलटा पडला. बेल्ट किंचाळला, घसरला, दीड-दोन सेकंदांत ड्रम परत वेगात. एकूण बारा धडका दिल्या. फेब्रुवारीत तिसऱ्यालाच संपलो होतो.

मग सगळं उघडलं. दाताच्या टोकावर पिचल्याची खूण, अर्धा मिमी, तुटलेलं काही नाही. बोल्ट बाराही जागेवर, एकाचा लॉकटाइट (आटे सैल होऊ न देणारा डिंक) सुटलाय. उजव्या बाजूचं बेअरिंग हाताला किंचित खरखरीत लागतं, ते बदलायचं. डावी जीभ 5 मिमी वाकलीय. बिजागरीची पिन 8 ची 10 करावी लागेल.

शाफ्ट काढून आप्पांकडे दिला. त्यांनी तो पुसला, दोन सेंटरमध्ये धरला, डायल मध्यावर टेकवला आणि हळूहळू फिरवायला लागले. धाकटा श्वास रोखून वाकून बघत होता. काटा थरथरला, दोन घरं पुढं गेला, परत आला. दोन शतांश मिमी.

आप्पांनी शाफ्ट उतरवून माझ्या हातात दिला. "घाल परत," म्हणाले. "पिनेचा बार कुठाय? आजच वळून टाकतो."